दावोसला जाऊन नुसते बसलो

"आजोबा, तुम्ही काय करणार मग तिथं?"

प्रश्न नऊ वर्षांच्या नातवाचा होता. स्थळ झुरिकचे मुख्य स्टेशन, महिना फेब्रुवारी २०२३. मुलगी, जावई आणि नातू, तिघांच्याही खांद्यांवर लांबलचक स्की. फलाटावरच्या निम्म्याअधिक मंडळींचा सरंजाम तोच. एखाद्या गावातले सगळे सुतार वासे खांद्यावर टाकून एकाच दिवशी कामाला निघावेत, तसे ते दृश्य होते. शाळांना हिवाळी खेळांची सुट्टी लागली होती आणि आम्ही दावोसला निघालो होतो. माझ्याजवळ होते एक मफलर, गुडघ्याचा पट्टा आणि आमच्या सौ.ने पहाटे उठून केलेल्या दशम्यांचा डबा.

"बसेन," मी म्हणालो.

"पाच दिवस?"

"पाच दिवस."

त्याने आईकडे पाहिले. आजोबांना बरे नाही की काय, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दावोस हे नाव नवे नाही. दर जानेवारीत ते पहिल्या पानावर येते. १९७१ साली क्लाउस श्वाब यांनी तेथे युरोपातल्या व्यवस्थापकांची परिषद भरवली, तिचीच पुढे जागतिक आर्थिक परिषद झाली. आपले मुख्यमंत्री कानटोपी घालून तेथे जातात, लाखो कोटींचे सामंजस्य करार होतात, छायाचित्रे छापून येतात. त्यामुळे दावोस म्हणजे पैशांचे गाव, अशी माझी समजूत होती. सदतीस वर्षे बँकेत काढल्यामुळे पैसा जेथे असतो असे म्हणतात तेथे तो सहसा दिसत नाही, एवढे मात्र मला ठाऊक होते. आणि फेब्रुवारीत गेल्यावर दिसले ते फक्त स्कीचे गाव. बसमध्ये स्की, दुकानात स्की, हॉटेलच्या दारात स्की वाळत घातलेल्या. ज्याला स्की करायची नाही, त्याने येथे यावेच कशाला?

माझ्या हाडांच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांना घसरण्याची सक्त मनाई केली आहे. आयुष्यभर खुर्चीवर बसून काम केलेल्या माणसाचे गुडघे झिजतात कसे, याचा खुलासा त्यांनी अद्याप केलेला नाही. तेव्हा माझ्यापुढे पाच दिवस आणि एक गाव होते. त्या पाच दिवसांचा हा हिशेब.

पहिली गोष्ट गाडीची. झुरिकहून लांडक्वार्टला उतरायचे आणि समोरच्या फलाटावरच्या लाल गाडीत बसायचे. ही ऱ्हेशियन रेल्वे मीटर गेजची आहे. रुळांमधले ते अरुंद अंतर पाहून मला काहीतरी आठवू लागले, पण नेमके काय ते लगेच कळले नाही. गाडी क्लोस्टर्सपासून वळणे घेत चढते, वोल्फगांगची खिंड ओलांडते आणि मग एकदम समोर लांब, पांढरे, उन्हाने भरलेले खोरे. उंची १५६० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी जास्त. खोऱ्यात डॉर्फ आणि प्लाट्झ अशी गावाची दोन टोके, आणि त्यांना जोडणारा एक लांबच लांब रस्ता.

एक गोष्ट डोळ्यांत भरली. आल्प्सच्या चित्रांत असतात तशी उतरती कौलारू छपरे येथे कमी. घरे सपाट गच्चीची, पेटीसारखी, आणि सगळ्या इमारतींना दक्षिणेकडे तोंड करून रांगेने बाल्कन्या. आपल्याकडच्या चाळीसारख्या. इतक्या कडाक्याच्या थंडीत इतक्या बाल्कन्या कशाला? हा प्रश्न मी जावयांना विचारला. ते म्हणाले, "बाबा, व्ह्यूसाठी असतील." मला ते पटले नाही. देखावा पाहायला एक खिडकी पुरते.

दुसऱ्या दिवशी मंडळी घसरायला गेल्यावर मी आणि सौ. फिरायला बाहेर पडलो. येथे हिवाळ्यातल्या पायी फिरणाऱ्यांसाठी बर्फ दाबून वेगळ्या वाटा केलेल्या असतात आणि त्यांच्या पाट्या गुलाबी रंगाच्या असतात. गावाच्या वरच्या अंगाने जाणारी एक वाट तर सपाटच आहे. दर थोड्या अंतरावर बाक. बाकांवर माझ्या वयाची माणसे डोळे मिटून, तोंड सूर्याकडे करून बसलेली. कोणी वाचत नव्हते, बोलत नव्हते. तळ्याला वळसा घालणारी वाटही अशीच सोपी. घोड्यांच्या घसरगाडीत बसून झेर्टिगच्या खोऱ्यात जाता येते. भाड्याचा आकडा मी सवयीने रुपयांत बदलला आणि घोड्याला लांबूनच नमस्कार केला. परक्या देशात फ्रँकचे रुपये करीत बसू नये, असे मुलगी म्हणते. पण ज्याने आयुष्यभर दर संध्याकाळी पैशापर्यंत हिशेब जुळवला, त्याच्याकडून एवढी अपेक्षा करू नये. कॉफी आणि अक्रोडाचा केक मात्र आम्ही रोज घेतला. बारलीचे घट्ट सूपही घेतले. सौ.च्या मते त्यात फोडणी हवी होती.

तिसऱ्या दिवशी किर्शनर संग्रहालयात गेलो. एर्न्स्ट लुडविग किर्शनर हा जर्मन चित्रकार १९१७ साली, महायुद्धाने मोडून गेलेला असा या खोऱ्यात आला आणि मग येथेच राहिला. गुराखी, शेतकरी, डोंगर त्याने गुलाबी आणि निळे रंगवले. वेडेपणा वाटतो, पण बाहेर येऊन चार वाजता डोंगराकडे पाहावे: बर्फ खरोखरच गुलाबी झालेला असतो. १९३७ साली नाझींनी त्याची सहाशेहून अधिक चित्रे जर्मन संग्रहालयांतून काढून टाकली. पुढच्याच वर्षी त्याने येथे आत्महत्या केली. १९९२ साली उघडलेली ती काचेची, काँक्रीटची इमारत इतकी शांत आहे की आपल्याच बुटांचा आवाज ऐकून संकोच वाटतो.

हे सगळे पाहून झाले आणि तरी बाल्कन्यांचा प्रश्न राहिलाच होता. उत्तर गावाच्या इतिहासात मिळाले, आणि ते मिळाल्यावर माझी सहल वेगळीच झाली.

अलेक्झांडर श्पेंगलर नावाचा एक जर्मन तरुण होता. १८४८-४९ च्या क्रांतीत भाग घेतल्यामुळे त्याला देश सोडून स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. तेथे तो वैद्यकी शिकला आणि १८५३ साली या गरीब, गुरेढोरे पाळणाऱ्या खोऱ्यात डॉक्टर म्हणून आला. त्याच्या लक्षात आले की येथल्या लोकांना क्षय होत नाही, आणि परदेशी नोकरीला जाऊन क्षय घेऊन परतलेले येथे आल्यावर सुधारतात. त्या काळी क्षय म्हणजे मरणाचा हुकूम. रॉबर्ट कॉखने त्याचा जंतू शोधला तो १८८२ साली, आणि औषध मिळायला त्याहीपुढे साठ वर्षे लागली. १८६५ च्या फेब्रुवारीत दोन रोगी भर हिवाळ्यात बर्फातून या गावात आले. हिवाळ्यात डोंगरावर यायचे हे लोकांना तेव्हा वेडाचारच वाटले असणार. दोघेही सुधारले. दावोसच्या हिवाळी हंगामाची सुरुवात ही अशी झाली. पहिल्या पाहुण्यांना घसरायचे नव्हते, जगायचे होते.

मग आला विलेम यान होल्सबूर. हा डच माणूस आधी खलाशी आणि पुढे लंडनमध्ये एका डच बँकेचा अधिकारी. हे वाचल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो. आपल्या व्यवसायातला माणूस भेटला, की तो दीडशे वर्षांपूर्वीचा का असेना, आपुलकी वाटतेच. १८६७ साली तो क्षयाने आजारी असलेल्या आपल्या तरुण इंग्रज बायकोला घेऊन येथे आला. ती वाचली नाही. होल्सबूर मात्र परत गेला नाही. श्पेंगलरबरोबर त्याने रोग्यांसाठी मोठे आरोग्यधाम उभारले. रोग्यांना घोड्याच्या गाडीतून हाल सोसत यावे लागते म्हणून त्याने रेल्वेचा ध्यास घेतला, आणि १८९० साली ती दावोसपर्यंत पोचली. ज्या लाल गाडीतून आम्ही आलो, तीच ही. एका बँकवाल्याच्या दुःखातून झालेली गुंतवणूक. कर्जाचे हजारो प्रस्ताव मी तपासले, पण 'कर्जाचे प्रयोजन' या रकान्यात असे काही लिहिलेले कधी पाहिले नाही.

सुरुवातीचा उपचार म्हणजे भरपूर दूध, द्राक्षाची दारू, थंड पाण्याचे फवारे आणि डोंगरातल्या मार्मोट नावाच्या प्राण्याच्या चरबीचे मालिश. पुढे १८८९ साली कार्ल टुर्बान या डॉक्टरने शिस्तीचे सॅनेटोरियम काढले, आणि मग गावाचा मुख्य उद्योग ठरला पडून राहणे. सकाळ, दुपार, संध्याकाळ, उणे दहा अंशांतही ब्लँकेटे गुंडाळून बाल्कनीतल्या आरामखुर्चीवर आडवे पडायचे. बोलायचे नाही, हलायचे नाही, हवा घ्यायची. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे. खिशात थुंकीसाठी निळ्या काचेची झाकणाची बाटली. त्या सगळ्या बाल्कन्या या पडून राहणाऱ्यांच्या होत्या.

आता 'तिथे स्कीशिवाय काय करायचे' हा नातवाचा प्रश्न पुन्हा पाहावा. हे गावच मुळी त्या प्रश्नातून उभे राहिले आहे. ज्यांना काहीच करता येत नव्हते त्यांनी, आणि त्यांच्या सोबतीला येऊन कंटाळलेल्यांनी, येथे काय काय केले! रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८१-८२ च्या हिवाळ्यात 'ट्रेझर आयलंड' येथे पूर्ण केली. खिडकीबाहेर बर्फ, छातीत कफ, आणि कागदावर उष्ण कटिबंधातले बेट. जॉन ॲडिंग्टन सायमंड्स हा क्षयी इंग्रज लेखक येथेच स्थायिक झाला. गावकऱ्यांच्या लाकडी घसरगाडीचा त्याला नाद लागला आणि १८८३ साली दावोस ते क्लोस्टर्स रस्त्यावर झालेल्या शर्यतीमागे तोच होता. बायकोच्या क्षयासाठी आलेल्या आर्थर कॉनन डॉयलने १८९४ च्या मार्चमध्ये ब्रांगर नावाच्या दोघा स्थानिक भावांबरोबर स्कीवरून डोंगर ओलांडून आरोसा गाठले आणि त्यावर लेख लिहिला. लोक हसतील म्हणून हे भाऊ अंधार पडल्यावर सराव करत, अशी हकीकत सांगतात. त्याच्या काही महिने आधीच डॉयलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडच्याच एका धबधब्यात ढकलून मोकळे केले होते. पुढे श्पेंगलरच्या मुलाने, डॉ. कार्लने, १९२३ साली बर्फावरच्या हॉकीचा चषक ठेवला. महायुद्धात एकमेकांना मारणाऱ्या देशांची पोरे निदान एका मैदानावर यावीत, हा हेतू. ती स्पर्धा नाताळनंतरच्या आठवड्यात भरते. तरुण रोग्यांचे शिक्षण तुटू नये म्हणून येथे विद्यापीठीय व्याख्याने सुरू झाली, तेव्हा १९२८ साली पहिल्यांमध्ये बोलायला आइन्स्टाइन आले होते. ओढून वर नेणारी एर्न्स्ट कॉन्स्टामची पहिली लिफ्ट येथल्या बोल्गेनच्या उतारावर चालू झाली ती १९३४ च्या नाताळात. म्हणजे स्की हे या घरातले शेंडेफळ. थोरली भावंडे सगळी आजारपणात जन्मलेली.

चौथ्या दिवशी मी शाट्झाल्पला गेलो.

गावाच्या वर तीनशे मीटरवर, दोरीने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने चार-पाच मिनिटांत पोचता येते. १९०० च्या डिसेंबरमध्ये श्रीमंत रोग्यांसाठी उघडलेले हे सॅनेटोरियम. पन्नासच्या दशकात त्याचे हॉटेल झाले. थॉमस मानच्या 'मॅजिक माउंटन' या कादंबरीत त्याचे नाव येते. तेथून हिवाळ्यात प्रेते खाली न्यायला घसरगाडी वापरतात, असा उल्लेख त्यात आहे. ती कादंबरी मी एका आडगावच्या शाखेत असताना इंग्रजी भाषांतरातून कंदिलाच्या उजेडात वाचली होती. तीन आठवड्यांसाठी आजारी भावाला भेटायला आलेला तरुण सात वर्षे अडकून पडतो, तिची गोष्ट. मान स्वतः १९१२ साली बायकोला, कातियाला, भेटायला दावोसला आला होता. त्याच्याही फुप्फुसात डॉक्टरांना दोष आढळला आणि राहण्याचा सल्ला मिळाला. तो मात्र शहाण्यासारखा घरी गेला आणि १९२४ साली कादंबरी प्रसिद्ध केली.

सौ. म्हणाली, "मी घसरगाडीवरून खाली जाते. वाट खास त्यासाठीच केलीय." बासष्टाव्या वर्षी! मी काही बोलायच्या आत मुलीने तिच्यासाठी लाकडी घसरगाडी भाड्याने घेतलीही. दोघी वळणावर दिसेनाशा झाल्या. मी गच्चीवर आरामखुर्ची घेतली. तेथल्या बाईने ब्लँकेट आणून दिले. मी पाय लांब केले, ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढले आणि समोरच्या डोंगरांकडे पाहिले. आणि मग गाडीपासून जे आठवू पाहत होते, ते आठवले.

१९६८ साल. मी आठ वर्षांचा. आम्ही कऱ्हाडला राहत होतो, अण्णा शाळामास्तर. त्या वर्षी आई नऊ महिने मिरजेजवळच्या एका सॅनेटोरियममध्ये होती. रोगाचे नाव घरात कोणी घेत नसे. शेजारी विचारले तर "हवापालटाला गेलीय" असे सांगायचे, हे मला आजीने पढवून ठेवले होते. महिन्यातून एका रविवारी अण्णा मला न्यायचे. कऱ्हाडचे स्टेशन गावापासून दूर, ओगलेवाडीला. तेथून मिरजेपर्यंत कोळशाची गाडी, आणि ती तेव्हा मीटर गेजची होती. तेच ते अरुंद रूळ.

मुलांना आत सोडत नसत. मी मेंदीच्या कुंपणापाशी उभा राहायचो. पलीकडे लांब व्हरांडा, त्यात रांगेने लोखंडी खाटा, खाटांवर लाल ब्लँकेटे, आणि डावीकडून चौथी आई. ती हात वर करायची, पण पुरता नाही, कोपरापासूनच. जास्त हलायचे नाही असा हुकूम होता. अण्णा आत जाऊन तिच्याशी बोलायचे. मी कुंपणाची पाने तोडत राहायचो. मला तिचा राग यायचा. घरी आजी म्हातारपणी चुलीपुढे बसते, अण्णा माझे कपडे धुतात, आणि ही येथे झोपून आहे! एकदा, बहुधा कोणाची तरी परवानगी घेऊन, ती कुंपणाच्या जरा जवळ आली. मी विचारले, "तू दिवसभर काय करतेस?"

"काही नाही रे. नुसतं पडून राहायचं."

"मग घरीच पडून राहा ना."

ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "फार अवघड असतं ते."

ती बरी झाली, घरी आली. तिची पितळी आणि पेला पुढे कित्येक वर्षे वेगळ्या कोनाड्यात राहिला, तोही तिनेच ठेवला. आणि एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली: त्यानंतर आई दिवसा कधी आडवी झाली नाही. ताप असला तरी नाही. दुपारी सगळे घर घोरत असताना ती तांदूळ निवडत भिंतीला टेकून बसलेली असायची. आम्ही म्हणायचो, "आई, जरा पड." ती म्हणायची, "पडले की पुष्कळ." आम्हाला तो विनोद वाटायचा. २०११ साली ती गेली.

शाट्झाल्पच्या गच्चीवर मी घड्याळ लावून बसलो. तीस मिनिटे न हलता पडून राहायचे, असे ठरवले. ऊन उत्तम, हवा कोरडी, पोटात सूप, आजार नाही, चिंता नाही. पहिली पाच मिनिटे बरी गेली. आठव्या मिनिटाला नाक खाजले. बाराव्या मिनिटाला सौ. कुठे पडली तर नसेल, हा विचार आला. पंधराव्या मिनिटाला पेन्शनचा, सतराव्याला अपुऱ्या कादंबरीचा. एकविसाव्या मिनिटाला मी उठून बसलो. आई नऊ महिने पडून होती. तेहतीस वर्षांची होती ती, आणि कुंपणापाशी तिचा मुलगा पाने तोडत उभा असे.

मनात आणखी एक गोष्ट होती, ती मी सहसा बोलत नाही. क्षयावरची औषधे आली ती चाळीसच्या दशकापासून: १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन, मग इतर. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत दावोसच्या सॅनेटोरियमांची एकेक करून हॉटेले झाली. पण नुसते पडून राहण्याची, उंच हवेची गरजच नाही हे नीट पारखून दाखवले ते दावोसने नव्हे, तर मद्रासने. तेथल्या क्षयरोग केंद्राने शहरातल्या गरीब वस्तीतल्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला त्याच्या खोपटात. औषधे दोघांना तीच. सॅनेटोरियमवाल्यांना विश्रांती जास्त, खाणे चांगले, शुश्रूषा चांगली. तरी वर्षाच्या शेवटी घरचेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरातल्या माणसांना त्यांच्यामुळे जास्त धोका पोचल्याचेही दिसले नाही. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला १९५९ साली. आई मिरजेला गेली १९६८ साली.

हे मी प्रथम वाचले तेव्हा आई जाऊन चार वर्षे झाली होती. तिला सांगायला ती नव्हती, हे एका परीने बरेच झाले. कोणाचा दोष म्हणावा? शास्त्रात सिद्ध झालेली गोष्ट गावच्या दवाखान्यापर्यंत आणि तेथून घरच्या माणसांच्या भीतीपर्यंत पोचायला वेळ लागतो. बँकेतसुद्धा मुंबईचे परिपत्रक आमच्या शाखेत पोचून अमलात येईपर्यंत पुढचे परिपत्रक निघालेले असे. कातिया मानच्या जुन्या क्ष-किरण चित्रांची पुष्कळ वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यांत क्षयाची खूण सापडली नाही. ती शहाण्णव वर्षे जगली. जगातली एक थोर कादंबरी कदाचित चुकीच्या निदानावर उभी आहे. पण कातियाला कादंबरी तरी मिळाली. माझ्या आईला मिळाला एक कोनाडा.

म्हणून त्या बाल्कन्यांकडे पाहताना मला आता निव्वळ इतिहास दिसत नव्हता. पडून राहणे हे आळशीपणाचे नव्हे, तर फार धीराचे काम आहे, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी, एकविसाव्या मिनिटाला कळले. आठव्या वर्षी ते एका बाईने मला चार शब्दांत सांगितले होते.

त्या हिवाळ्यात आल्प्समध्ये बर्फ कमी पडला होता. खालच्या अंगाच्या कित्येक गावांत हिरव्या-तपकिरी गवतातून कृत्रिम बर्फाचा पांढरा पट्टा तेवढा खाली उतरत होता, आणि त्यावरूनच लोक घसरत होते. दावोस उंचावर असल्याने निभावले. वाइसफ्लूयोखवर १९३६ पासून बर्फाचा अभ्यास चालू आहे, हिमकडे कोसळण्याचा इशारा देणारी संस्थाही याच गावात आहे. बर्फाच्या नोंदी ठेवणाऱ्या या गावाला बर्फाचे भविष्य इतरांआधी दिसत असणार. पुढेमागे ज्या गावांना बर्फ सोडून जाईल, त्यांना पाहुण्यांनी स्कीशिवाय काय करायचे याचे उत्तर शोधावेच लागेल. दावोसपाशी ते जुने उत्तर आहे: चालावे, वाचावे, गाडीत बसून फिलिझूरपर्यंत जावे आणि वाटेत १९०९ च्या वीसेन पुलावरून अठ्ठ्याऐंशी मीटर खालची दरी पाहावी, आणि मग बाकावर बसून तोंड सूर्याकडे करावे.

सौ. घसरगाडीवरून सुखरूप खाली पोचली होती. दोनदा कलंडली, असे मुलीने सांगितले. एकदाच, असे तिने स्वतः सांगितले. रात्री तिच्या चेहऱ्यावर जो तजेला होता, तो मी लग्नानंतर माथेरानला पाहिला होता.

शेवटच्या दिवशी नातू म्हणाला, "आज मी आजोबांबरोबर बसतो." त्याचे पाय दुखत होते, हे खरे कारण. आम्ही पुन्हा वर गेलो. दोन खुर्च्या, दोन ब्लँकेटे. मी त्याचे ब्लँकेट हनुवटीपर्यंत नीट खोचून दिले.

"आता काय करायचं?"

"काही नाही. नुसतं पडून राहायचं."

तो पडून राहिला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून घड्याळ पाहत होतो. चौथ्या मिनिटाला त्याने कूस बदलली, पाचव्याला ब्लँकेट पायाने उडवले.

"आजोबा, हे फार अवघड आहे," तो म्हणाला आणि बर्फात खेळायला पळाला.

मी त्याचे ब्लँकेट उचलले, घडी केली आणि माझ्या पायांवर घेतले. परतीच्या गाडीला अजून दोन तास होते.